फुलली की येते

सिस्टरबाईंच्या बोगनवेलीला मी दोनदा दगा दिला. एकदा पाणी घालून आणि एकदा न घालून. दोन्ही वेळा माझा हेतू चांगला होता. माझ्याबद्दलची सगळ्यात वाईट गोष्ट कोणती असं कुणी विचारलं तर मी हीच सांगेन, की माझा हेतू नेहमी चांगला असतो.

माझी बायको रेखा म्हणते, "तुमाले माफी मागायचा नाद आहे. चहात साखर कमी पडली तर तुमी साखरेचीही माफी मागता." असेल. पण या दोन गुन्ह्यांची माफी मला नीट मागताच आली नाही, कारण जिची मागायची ती बाई दर वेळी मध्येच हसायला तरी लागली, नाहीतर भलतंच काही बोलली. माफी मागणाऱ्याची अशी पंचाईत कुणी केली नसेल.

सिस्टरबाई म्हणजे शकुंतला मेश्राम. सगळी नोकरी त्यांनी लामता गावच्या दवाखान्यात नर्स म्हणून केली. निवृत्त झाल्यावर जिल्ह्याच्या गावी, मध्य प्रदेशातल्या बालाघाटला, आमच्या भिंतीला भिंत लावून घर बांधलं. पती आधीच वारले होते. मुलगा आनंद नागपूरला नोकरीला. बाई एकट्या राहायच्या, पण 'एकट्या' हा शब्द त्यांच्यासमोर कुणी काढला तर म्हणायच्या, "एकटी कशी? अकरा पेशंट आहेत."

पेशंट म्हणजे अंगणातली झाडं. निवृत्ती त्यांनी फक्त पगारापुरती घेतली होती. सकाळी सहाला पांढरी साडी, खांद्याला पिनेनं उलटं लावलेलं घड्याळ, आणि राउंड सुरू. तगर एक नंबर, मोगरा दोन नंबर, कढीपत्ता तीन. भिंतीपलीकडून आम्हाला दात घासताना ऐकू यायचं : "तीन नंबर, रात्री काय खाल्लं? पानं काहून पिवळी केली?" एखादं झाड मेलं तर त्या म्हणत, "पाच नंबरले सुट्टी दिली."

माणसांनाही सूट नव्हती. एकदा मी ऑफिसला निघालो होतो. त्यांनी फाटकातूनच हाक मारली. "विलास, इकडं ये. जीभ दाखव."

"सिस्टरबाई, मी ऑफिसले चाललो."

"जीभ काय घरी ठेवून जातं?"

मी सिंचाई विभागातला बडा बाबू म्हणजे हेडक्लार्क, पन्नाशीला आलेला, भर रस्त्यात जीभ बाहेर काढून उभा राहिलो. नेमका तेव्हा माझ्याच ऑफिसचा चपराशी सायकलवरून गेला. सिस्टरबाईंनी जीभ पाहिली आणि म्हणाल्या, "काही नाही झालं तुले. फक्त भेव आहे. जा."

हे निदान मात्र अगदी अचूक होतं.

त्यांच्या फाटकावर लोखंडी कमान होती आणि तिच्यावर बोगनवेल. या एका झाडाला त्यांनी नंबर दिला नव्हता. रंग रानी. आमच्याकडे त्या गडद गुलाबीला रानी म्हणतात. एप्रिलच्या सुरुवातीला ती फुलायची तेव्हा आमच्या गल्लीत वळणाऱ्या प्रत्येक रिक्षावाल्याला पत्ता सांगायला तेवढी खूण पुरायची.

समोर बिसेनकाका राहतात. पटवारी होते. रोज पहाटे पिशवी घेऊन ते लोकांच्या कुंपणावरच्या जास्वंदी गोळा करतात आणि त्याला 'फिरायला जाणं' म्हणतात. त्यांनी एकदा सुचवलं, "बाई, एवढी जागा आहे. हे कागदी फूल काढा आन जास्वंद लावा. देवाच्या तरी कामी येईन."

"बिसेनजी, जास्वंद लावली तर देवाच्या आधी तुमी उठान."

"मस्करी नोका करू. याचा उपयोग काय पण?"

"काहीच नाही. वास नाही, पूजेले चालत नाही, गजऱ्यात बसत नाही, वरून काटे. तीस वरीस झाले, एकही फूल चोरीले नाही गेलं. आन खरं सांगू? हे फूलच नाही." त्यांनी एक गुच्छ तोडून बिसेनकाकांच्या नाकासमोर धरला. तीन रानी पाकळ्या, आणि त्यांच्या मधोमध काडीपेटीच्या काडीएवढं पांढरं काहीतरी. "फूल ते, मधलं, मुंगीच्या डोक्याएवढं. भवतालची ही सगळी पानं आहेत. रंग लावून उभी राह्यली. कोण्याही हापिसात जा, असंच असते. काम करनारा मधी कोठीतरी बारीक, आन साहेब लोक चारी बाजूनं."

मी त्या वेळी तिथंच उभा होतो. मला उगीच वाटलं की हे मलाच उद्देशून आहे, आणि मी आत्तापर्यंत मधला आहे की भोवतालचा, ते ठरवू शकलेलो नाही.

ही वेल त्यांनी लामत्याहून आणली होती. तिथं त्यांनी एक धंदाच काढला होता. पोराचे सगळे टीके, म्हणजे लसी, पूर्ण झाले, की आईला बोगनवेलीची एक काडी बक्षीस. पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब, खालून तिरपी कापलेली. वाळूत खुपसायची, सावलीत ठेवायची आणि महिनाभर उपटून पाहायची नाही. "शेवटचंच बायांले जमत नव्हतं," त्या सांगायच्या. "मूळ धरलं का म्हणून रोज उपटून पाहतेत, आन मंग माह्याजवळ येतेत, बाई तुमची काडी मेली. म्या म्हटलं, तुही सासू तुले रोज उपटून पाहीन तर तू तरी जगशीन का?" एक-दोन टीके घेऊन गायब होणाऱ्या बायासुद्धा काडीसाठी तिसऱ्यांदा यायच्या. शेजारणीच्या दारात रानी रंग आला आणि आपल्या नाही, हे कुणाला सहन होतं? आजही लामत्याच्या बाजूला मोटरसायकलनं जाताना एखाद्या कौलारू घरावर ती वेल दिसली की मला कळतं, या घरच्या पोरानं पूर्ण टीके घेतले आहेत.

आता माझ्या पहिल्या गुन्ह्याकडे येतो.

बोगनवेल फुलवायची सिस्टरबाईंची रीत कठोर होती. संक्रांत झाली की पाणी बंद. उन्हं तापायला लागत, पानं माना टाकत, फांद्या वाळल्यासारख्या दिसत, आणि बाई शेजारच्या मोगऱ्याला पाणी घालताना एक थेंब तिकडं उडू देत नसत. "लाड केला की पानं येते," त्या म्हणायच्या. "फूल पाहिजे तर तिले वाटलं पाहिजे, की आता आपलं काही खरं नाही." मग एप्रिलच्या सुरुवातीला, पाहता पाहता, ते वाळकं झाड पेटल्यासारखं फुलायचं. चौदा एप्रिलला जयंतीची मिरवणूक त्यांच्या कमानीखालूनच निघायची. ही आमच्या वॉर्डाची रीत झाली होती. गाडी कमानीखाली आली की पोरं वेल हलवत, आणि निळ्या झेंड्यांवर, गाडीवरच्या तसबिरीवर, ढोलवाल्यांच्या डोक्यांवर रानी रंगाचा पाऊस पडे.

मला ही रीत दरवर्षी छळायची. मी हट्टा गावचा. आमच्या गावची ओळखच बावडी, जुनी पायऱ्यांची विहीर. घरी धानाची, म्हणजे भाताची शेती. ज्या घरात बांधातलं पाणी कमी झालं तर वडील जेवत नव्हते, त्या घरात वाढलेल्या माणसाला कोमेजलेलं पान बघवत नाही. त्यात नोकरी सिंचाई विभागात. दिवसभर कुठल्या कालव्याला किती दिवस पाणी सोडायचं याचे कागद करायचे, आणि संध्याकाळी घरी येऊन शेजारचं तहानलेलं झाड बघायचं.

त्या वर्षी दिवाळीला आनंद आला होता. आईचे गुडघे गेले, डोळ्यात मोतीबिंदू, नागपूरला चल म्हणून तो दरवर्षीच मागे लागायचा. या वेळी त्यानं सामानच बांधायला घेतलं. शेवटी सिस्टरबाई म्हणाल्या, "यंदाची बोगनवेल फुलून जाऊ दे. फुलली की येते."

"पक्का?"

"पक्का."

आनंद माझ्याकडे वळला. "विलासभैया, आप गवाह हो. फूल आए, और मम्मी मेरे साथ." मी मान हलवली. साक्षीदार व्हायला माझ्याइतका सोपा माणूस नाही.

फेब्रुवारीत मोतीबिंदू काढायला त्या महिनाभरासाठी नागपूरला गेल्या. जाताना चाबी माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "सगळ्याईले पाणी दे. बोगनवेलीले नाही. मरून राह्यली असं वाटलं तरी नाही. समजलं?"

"समजलं."

नऊ दिवस मी धीर धरला. दहाव्या दिवशी त्या वेलीची पानं आजारी वासराच्या कानासारखी लोंबत होती. मी इकडं तिकडं पाहिलं आणि एक बादली ओतली. दुसऱ्या सकाळी पानं उभी! मला इतका आनंद झाला की मी त्या दिवशी ऑफिसात तीन जणांची कामं विनाकारण करून टाकली. मग रोज एक बादली. मग गावच्या घरून शेणखतही आणलं. बाई परत येईपर्यंत कमान श्रावणातल्या धानाच्या बांधीसारखी गर्द हिरवी झाली होती.

सिस्टरबाई काळा चष्मा लावून रिक्षातून उतरल्या. वर पाहिलं. चष्मा काढला. पुन्हा पाहिलं.

"विलास, डॉक्टरनं डोळ्यात हिरवा काच बसवला का गा?"

त्यांनी वाकून मातीत बोट घातलं. बोट ओलं निघालं.

"पानी पडलं का इकडं?"

"हौ... थोडं."

"फक्त माह्याच फाटकावर?"

"हवामान लय बदललं आहे आजकाल, सिस्टरबाई."

हे वाक्य मी उच्चारलं, ही गोष्ट आठवली की मला आजही घाम फुटतो. त्यांनी ओलं बोट पदराला पुसलं आणि फक्त म्हणाल्या, "शिडी आन."

शेंडे छाटायचे, सगळी पानं हातानं ओरबाडून काढायची, पाणी पूर्ण बंद ठेवायचं. असं केलं तर महिना-सव्वा महिन्यात वेल घाबरून फुलते. जयंतीला महिनाच उरला होता. रोज संध्याकाळी मी शिडीवर आणि बाई खाली खुर्चीवर. माझ्या हातांची काट्यांनी चाळण झाली होती. "ते एक राह्यलं. डावीकडचं. अरे, तुही डावी, माही नाही. बिसेनजी, पाहा, सिंचाई विभाग पहिल्यांदाच जागेवर येऊन काम करून राह्यला!"

चौदा एप्रिल आला. कमानीवर नवी कोवळी पानं होती, फूल एकही नव्हतं. मिरवणूक आली, गाडी कमानीखाली थांबली, पोरांनी सवयीनं वेल हलवली. काहीच पडलं नाही. कुणीतरी विचारलं, "सिस्टरबाई, यंदा फुलं?" त्या शरबताचे ग्लास वाटत हसल्या. "यंदा सुट्टीवर आहे." पण गाडी पुढे गेली, ढोल लांब गेले, तेव्हा त्या रिकाम्या कमानीखाली मान वर करून नुसत्या उभ्या राहिल्या. त्यांना मी तोपर्यंत कधी गप्प पाहिलं नव्हतं.

मला राहवलं नाही. मी जवळ गेलो. "सिस्टरबाई, पाणी मी दिलं."

"हौ."

"तुमाले माहीत होतं?"

"पूर्ण वॉर्डात दुसरा कोण आहे एवढा दयाळू?"

"मले माफ करा."

"आधी फुलू दे. मंग पाहू."

फुलायला पाहिजे होती. एप्रिल संपला, मे लागला, रोज संध्याकाळी मी पानं ओरबाडत होतो आणि रोज ती पुन्हा येत होती, पहिल्यापेक्षा मोठी. मला वाटलं, माझ्या हातालाच पाप लागलं. रेखाला मी हे बोलून दाखवलं तर ती म्हणाली, "हाताले नाही, डोक्याले लागलं."

मग एका सकाळी, साडेपाचला, दूध आणायला म्हणून मी बाहेर पडलो. फाटकाशी काहीतरी हललं. पांढरी साडी. सिस्टरबाई कमरेत वाकून, बादलीतून मगानं, सावकाश, आवाज न करता, बोगनवेलीच्या बुडाशी पाणी सोडत होत्या.

त्यांनी मला पाहिलं. दचकल्या नाहीत. उरलेला मग नीट ओतला आणि सरळ उभ्या राहिल्या.

"दूध आनायले चालला का?"

"सिस्टरबाई, हे काय?"

"दिसून नाही राह्यलं? तुले तर पाण्याचं ज्ञान आहे."

"पण मी रोज संध्याकाळी पानं तोडून राह्यलो! हाताची सालं निघाली!"

"तोड ना बावा. तुहं काम तू कर, माहं काम मी करतो." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "पोराले शब्द दिला आहे. फुलली की येते. शब्द मोडनारी बाई नाही मी. पण फुललीच नाही, तर मी काय करू? हे मले सुचलं नसतं गा. तुह्यापासून शिकली मी."

मी रिकामी बादली उचलून फाटकाच्या आत ठेवली. त्या म्हणाल्या, "नागपूरले चौथा मजला आहे. खिडकीतून दुसऱ्याची खिडकी दिसते. तिथं मी कोणाले म्हणू, जीभ दाखव?"

त्या दिवसापासून मी शिडीवर चढणं बंद करायला हवं होतं. पण सिस्टरबाई म्हणाल्या, बंद केलं तर बिसेनला संशय येईल आणि बिसेनला आलेला संशय नागपूरला फोननं पोचतो. म्हणून संध्याकाळी मी पानं तोडायचो आणि सकाळी त्या पाणी द्यायच्या. आम्हा दोघांमध्ये बिचारी वेल पुरती गोंधळून गेली असावी.

पावसाळ्यापूर्वी आनंद आला. हिरव्यागार कमानीकडे पाहून त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या. त्यानं मला बाजूला घेतलं. "भैया, आप झूठ नहीं बोलते. सच बताओ, इसमें पानी कौन डालता है?"

सिस्टरबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. निवडणं थांबलं.

मी म्हणालो, "मी डाललं, आनंद. सिस्टरबाईनं मना केलतं तरी. फेब्रुवारीत. मले पाहवलं नाही." शब्दन् शब्द खरा होता. आयुष्यात केलेल्या शेकडो कबुल्यांपैकी कुणाच्या उपयोगी पडलेली ही एकच.

"भैया, आपने?"

ओट्यावरून आवाज आला. "यानंच! बावडीच्या गावचा माणूस, याले वाटते पूर्ण दुनिया तहानली आहे! माही एवढी वेल खराब केली!" त्या मला इतकं आणि इतकं रंगून बोलल्या की बिसेनकाका खुर्ची घेऊन बाहेर येऊन बसले. मध्येच श्वास घेताना त्यांनी मला डोळा मारला. नुकतंच ऑपरेशन झालेला डोळा, नवा कोरा.

पण आनंद सरळ मुलगा. जाताना त्यानं माझा हात हातात घेतला. "भैया, आई इथं पडली-बिडली तर मी चार घंटे दूर आहे. मुझे वचन दो. अब पानी नहीं डालोगे." त्याचे डोळे भरले होते. त्याचंही चुकत नव्हतं. मी वचन दिलं. आणि इथंच माझा दुसरा गुन्हा सुरू होतो.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये सिस्टरबाई न्हाणीत घसरल्या. मोडलं काही नाही, पण गुडघा असा सुजला की आनंद येऊन त्यांना गोंदियाच्या दवाखान्यात घेऊन गेला. तीन आठवडे. गाडीत बसण्याआधी त्या लंगडत आमच्या भिंतीपाशी आल्या. बोलल्या काहीच नाहीत, आनंद मागे उभा होता. फक्त त्यांचा मग आमच्या भिंतीवर ठेवला, सरळ, तोंड वर करून, आणि गेल्या.

तीन आठवडे तो मग भिंतीवर होता. मी रोज सकाळी त्याच्याकडे बघायचो आणि रोज आनंदचा हात माझ्या हातात जाणवायचा. एकदा मी मग भरलासुद्धा. भरून फाटकापर्यंत गेलो, आणि ते पाणी मोगऱ्याला घालून परत आलो. दोन माणसांपैकी एकाला दगा द्यायचाच होता. मी ज्याला वचन दिलं होतं त्याला नाही दिला. हे बरोबर केलं असं सगळे म्हणतात. रेखाही म्हणते. मला मात्र अजून रात्रीचं जेवण झाल्यावर तो भिंतीवरचा मग दिसतो.

पानं गळली. फांद्या वाळल्या. आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात वेल फुलली. अशी कधीच फुलली नव्हती. दोन वर्षांचं सगळं एकदम. एक हिरवं पान दिसत नव्हतं.

आनंदच्या गाडीतून सिस्टरबाई काठी टेकत उतरल्या आणि कमानीखाली थांबल्या. वरून दोन पाकळ्या त्यांच्या पांढऱ्या केसांत पडल्या. मी मान खाली घालून उभा होतो.

"विलास."

"हौ."

"पाणी दे म्हटलं नाही तवा दिलं. आन दे म्हटलं तवा नाही दिलं."

"सिस्टरबाई, मी आनंदले वचन..."

तेवढ्यात त्या हसायला लागल्या. काठी हातातून सुटेपर्यंत हसल्या. "काय फुलली रे! पाहा तर! मी असती तर अशी फुलू दिली असती का?"

त्या चौदा एप्रिलला पोरांनी वेल हलवली तेव्हा ढोलवाल्यांना ढोल दिसेनासे झाले. सिस्टरबाई फाटकाशी खुर्चीवर बसून प्रत्येक ओळखीच्या माणसाला, "जय भीम, जीभ दाखव," म्हणत होत्या. तिसऱ्या दिवशी त्या नागपूरला गेल्या. शब्द मोडणारी बाई नव्हतीच ती.

घराची चाबी माझ्याकडे आहे. आनंदनं घर विकलेलं नाही. आईसमोर तो विषय काढायची त्याची हिंमत नाही. मी सगळ्या पेशंटना पाणी देतो आणि बोगनवेलीला कधी द्यायचं नाही तेव्हा देत नाही. जाऊन भेटायचं मात्र टाळत राहिलो. नऊ महिने. शेवटी या जानेवारीत रेखानं मला बसमध्ये बसवून दिलं.

आनंद खाली पार्किंगमध्येच भेटला. लिफ्टपाशी तो जरा घुटमळला. "भैया, एक बात बोलूं? मम्मीनं कुंडीत बोगनवेल लावली. म्हणते, ही फुलली की मी बालाघाटले परत. मैं भी हां बोल दिया. मला वाटलं, बालकनीत थोडीच फुलते." मग कान लाल करून पुढं म्हणाला, "सुबह ऑफिस जाने से पहले मैं पानी डाल देता हूं. तुमी सांगू नका. तिचं इथं सगळं ठीक आहे. डॉक्टर जवळ आहे."

"नाही सांगत," मी म्हणालो.

(आनंद हे वाचेल अशी भीती मला नाही. त्याची सगळी शाळा हिंदीतून झाली. मराठी तो आईशी बोलतो तेवढीच.)

लिफ्ट चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत मी ठरवलं होतं. एकदा वचन पाळून पाहिलं, आता एकदा मोडून पाहायचं. आनंद चहाला दूध आणायला पुन्हा खाली गेला. सिस्टरबाई बाल्कनीत बसल्या होत्या, घड्याळ खांद्याला लावूनच. मी टेकलोही नाही. "सिस्टरबाई, एक सांगतो. आनंद तुमच्या कुंडीत रोज पाणी टाकते."

"हौ, टाकते ना. सव्वाआठले."

"तुमाले माहीत आहे?"

"बस आधी. काय हा तुहा चेहरा, जसा काही खून करून आला." त्यांनी कुंडीवरची वाळकी पानं बोटानं बाजूला सारली. खाली दोन बोटं माती, आणि तिच्याखाली पॉलिथिन, कुंडीभर गोल कापून बसवलेलं. "पाणी वरून येते, कडेनं उतरते आन खालच्या ताटलीत जाते. मुळाले थेंब नाही. ताटलीतलं मी त्याच्या बायकोच्या मनी प्लांटले देतो. पाहिला कसा माजला? ते म्हणते, आईजी, आपके हाथ में जादू है."

मी कुंडीकडे पाहिलं. वेल खुज्या बांधणीची, वाळकी, केविलवाणी दिसत होती. "पण फुललं तर काहीच नाही, सिस्टरबाई."

"कोण म्हणते?" त्यांनी माझा हात धरून मला कठड्याला टेकवलं आणि कुंडीच्या मागं पाहायला लावलं. भिंतीकडच्या एका फांदीवर रानी रंगाचे सात गुच्छ होते. "त्याले आत्ताच दाखवले तर तो रात्रीतून तोडन. माहाच पोरगा आहे. पूर्ण झाड भरू दे, मंग एकदम दाखवतो. तू तिकडं कमान पुसून ठेव. आन मिरवणुकीतल्या पोराईले सांग, यंदा गाडी सावकाश न्या म्हनावं. मले चालता आलं पाहिजे सोबत."

माफी मागायला मी तोंड उघडलं. त्या म्हणाल्या, "जीभ दाखव." मी दाखवली. त्यांनी पाहिली आणि समाधानानं मान हलवली, आणि तेवढ्यात आनंद दूध घेऊन आला.

तासाभरानं मी खाली रस्त्यावर येऊन मागं वळून पाहिलं. चौथ्या मजल्यावर पांढरी साडी दिसत होती. सिस्टरबाईंनी दोन्ही हातांनी कुंडी धरली आणि कष्टानं अर्धी फिरवली. सात ठिपके रस्त्याच्या बाजूला आले. त्यांनी माझ्याकडे पाहून काठी हवेत हलवली. मग आतून आनंदनं हाक मारली असावी, कारण ठिपके घाईघाईनं पुन्हा भिंतीकडं गेले, आणि बाई कुंडीवर वाकून, मोठ्या काळजीच्या चेहऱ्यानं, एक वाळकं पान न्याहाळू लागल्या.